दुपारी दोन ते चार, बाकावर

मागच्या वर्षी आम्ही सुट्टी उरकली.
दुसरा शब्द नाही त्याला.
वेंडेलने तक्ता छापून आणला होता, गिरणीतल्या पाळ्यांसारखा:
आठ-पाच ड्रॅगन, नऊ-दहा चाच्यांची गुहा,
अकराला जेवण, उभ्याने.
(उभ्याने जेवणं मला नवीन नाही,
मी शाळेच्या स्वयंपाकघरात रोज चारशे ताटं भरते.)
रांग चुकवायचे वेगळे पैसे, गाडी लावायचे वेगळे,
किंचाळतानाचा फोटो, म्हणजे आमचीच तोंडं
आम्हालाच विकत.
परतीच्या विमानात ओडेट म्हणाली, "आपण तिथे काय केलं?"
खाली नेब्रास्काची मक्याची शेतं सरकत होती,
हिरवी गोल गोल, ताटांसारखी,
आणि आम्हा दोघांना एकही गोष्ट धड आठवेना.
हप्ते मात्र मार्चपर्यंत आठवण करून देत राहिले.

या वर्षी गाडी काढली. तीन दिवसांचा रस्ता.
जॉर्जियात एका म्हाताऱ्याने उकडलेल्या शेंगा दिल्या,
कागदी पिशवी खालून भिजलेली,
सीटवर पडलेला डाग अजून आहे.
फ्लोरिडात चार दिवस. पार्कचं तिकीट एकाच दिवसाचं.
बाकी मोटेलचा तळा आणि पत्ते.

फाटक उघडलं तशी माणसं पळत सुटली.
एक बाई मुलाला दंडाला धरून ओढत होती,
तिची चाल मी ओळखली. माझीच होती ती.
आम्ही चालत राहिलो.
शंभर पावलांवर ओडेट थांबली
ती तासभर तिथेच.

लाकडी घोड्यांचा फेरा अजून सुरू व्हायचा होता.
एक बाई गुडघ्यांवर बसून
एका पांढऱ्या घोड्याच्या नाकपुडीत गुलाबी रंग भरत होती,
तीन केसांचा ब्रश असावा, इतका बारीक.
छातीवर पाटी: मिर्ता.
"बावीस वर्षं," ती म्हणाली. बोलण्यात क्युबाचा हेल.
"सगळ्या घोड्यांना मी नावं ठेवलीत.
याचं कोणाला सांगत नाही."
झालं. ओडेटला दिवसभराचं काम मिळालं.

टोबायसला ड्रॅगनच हवा होता. चौदा वर्षांचा आहे,
त्याला घोडे कसे पुरणार?
वेंडेल त्याच्यासोबत रांगेत उभा राहिला, फुकटच्या रांगेत.
दोन ते चार.
मी समोरच्या बाकावर, चपला काढून,
मांडीवर डब्यातला शेवटचा सँडविच,
पायाशी एक बदक, अत्यंत निर्लज्ज.
लांबून दिसत होतं: बापलेक आधी फोनमध्ये,
मग कठड्याला टेकून,
मग टोबायस जमिनीकडे बघत काहीतरी बोलतोय
आणि वेंडेलचा हात त्याच्या मानेवर.
रांग पुढे सरकली, ते दोघे सरकले नाहीत.
मागच्याने खांद्याला हात लावून हलवलं.

अगदी तोंडाशी पोहोचले आणि ड्रॅगन बंद पडला.
वीज, चाक, काय ते कळलं नाही.
टोबायसने कचऱ्याच्या डब्याला लाथ मारली.
खोटं कशाला सांगू, तो तासभर धुमसत होता,
बदकावरही चिडला.
रात्री मोटेलच्या दारात वेंडेल हळूच म्हणाला,
"गणितात गेलाय. जानेवारीपासून लपवत होता."
आत पोरं झोपलेली. आम्ही पायरीवर बसलो.
मागच्या वर्षी ती रांग चुकवायला
आम्ही एकशे साठ डॉलर मोजले होते.

निघताना मिर्ता बाहेर बसथांब्यावर दिसली होती,
साध्या कपड्यांत, नखांवर गुलाबी रंग वाळलेला.
ओडेट खिडकीतून अर्धी बाहेर: "फेलिपे?"
मिर्ताने मान हलवली.
"अर्काडियो?"
सिग्नल हिरवा झाला.

आज कर्नीत बर्फ आहे, मार्च लागलाय.
टोबायस टेबलावर अपूर्णांकांशी भांडतोय,
बाप शेजारी, दोघांनाही जमत नाहीये.
मी बटाटे सोलते.
ओडेट काटा खाली ठेवते, विचार करते.
"घोडी असेल तर?" म्हणते.
"घोडी असेल, असं आपल्या डोक्यातच आलं नाही."