चीक

डंडीत थंडी वाजते, यात नवल ते काय?
तीन वर्षं सगळे हेच म्हणाले.
मीही म्हणाले,
मे महिन्यात दोन स्वेटर घालून, हीटरला पाठ लावून.
थकवा? बाळंतीण ती, थकणारच.
पाळी नाही? पाजणारीला उशीर होतो.
पण मी पाजत नव्हते,
हे कुणी लक्षात घेतलं नाही.

सासूबाईंनी कराडहून आळीवाचे लाडू धाडले, दोनदा.
कस्टमवाल्यांनी एक डबा उघडून पुन्हा चिकटवला होता.
मी सगळे खाल्ले.
दूध आलं नाही.
चार्वी रडायची, मी बाटल्या उकळायचे,
फोनवर आवाज यायचा, नीट जेवतेस ना गं?

प्रसूतीच्या रात्री रक्त फार गेलं.
पिशव्या मोजणारी नर्स मोजता मोजता गप्प झाली,
मला एवढंच आठवतं.
मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढं काहीतरी
त्या रात्री सुकलं,
आणि त्याचा आवाज झाला नाही.

डॉक्टर गिलक्रिस्टनी स्क्रीन माझ्याकडे वळवली.
ग्रंथी असायची तिथे काळोखाची वाटी.
घरी येऊन मराठी नाव शोधलं:
पीयूष ग्रंथी.
पीयूष म्हणजे अमृत,
आणि नुकत्याच व्यालेल्या गाईचा चीकही.
हसूच आलं.
नावातच लिहिलं होतं सगळं,
आणि आम्ही लाडू मोजत बसलो होतो.

आता सहाचा गजर.
डिसेंबरात इथे सूर्य पावणेनऊला उठतो,
मी त्याच्याआधी, दहा मिलिग्रॅमवर.
बाराला पाच.
चारला पाच, तोवर अंधार परत दाराशी.
थायरॉइडची गोळी वेगळी, तिचा मान नंतरचा.
बाकीच्यांची शरीरं न विचारता खर्च करतात,
माझी वाण्याची वही:
ताप आला, दुप्पट.
उलटी थांबेना, तर मांडीत सुई, आणि लगेच अ‍ॅम्ब्युलन्स.
दचकायचं असलं तरी
आधी गोळी घ्यावी लागते.

शेजारच्या इशबेलने सुईचा सराव संत्र्यांवर केला.
सहा संत्री, सलाइन टोचून.
मग ती सोलून खाल्ली आम्ही दोघींनी,
किंचित खारट.

काल ब्रॉटी फेरीला निघालो, वारा नुसता ओरबाडत होता.
सात वर्षांची चार्वी दारातच थांबली,
बूट घातलेला एकच पाय पुढे.
आई, तुझा चीक घेतलास?

तिने तो शब्द कुठून उचलला,
मी विचारलं नाही.
खिसा चाचपला.
होता.