सतरा नंबरचा पाना

ओझरच्या धावपट्टीवरून विमान उठलं
की आधी आमच्या खिडकीची काच थरथरते,
आवाज मागून येतो.
हातातली बशी खाली न ठेवता अण्णा सांगतात,
डावं इंजिन खाकरतंय.
निवृत्त होऊन एकवीस वर्षं झाली त्यांना.

तरुणपणी त्यांना शिकवायला गेन्नादी आला होता.
निफाडचा पारा चारवर आलेला, सगळे शेकोटीला,
हा बनियनवर.
बाजारात मुळ्याची जुडी उभ्या उभ्या चावून खायचा.
नटाला म्हणायचा गाइका.
अण्णांना ऐकू आलं, गायिका.
मग अख्ख्या हँगरनं नटांना नावं दिली.
एक ठुमरीवाली, एक तमाशातली,
एक फारच घट्ट बसणारी,
तिचं नाव मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

असा एक देश होता.
भिंतीवरच्या नकाशात मावत नव्हता, घडी पडायची त्याच्यावर.
आणि एका डिसेंबरात सातच्या बातम्यांत संपला.
दुसऱ्या दिवशी अण्णा पहिल्या पाळीला गेले.
देश नव्हता, पाना होता.
सुट्या भागांसाठी पत्र कुठं धाडायचं,
स्टोअरच्या कारकुनाला कळेना.
त्यानं पाकिटावर जुनंच नाव घातलं
आणि खाली लिहिलं, किंवा आता जो असेल तो.

मग उरला एकच.
पुंजाराम बोरस्ते त्याचं नाव घेत नाहीत.
जुन्या बायका नवऱ्याला म्हणत तसं म्हणतात,
'ते' काय म्हणताहेत आज?

मी पिंपळगावच्या पॅकहाउसमध्ये कागद करते.
साडेचार किलोची पेटी, अठरा मिलिमीटरचा मणी,
बंदर सेंट पीटर्सबर्ग.
माल आमचा, तोंड तिकडचं,
पैसे मोजायचे मात्र 'त्यां'च्या नोटेत.
'ते' म्हणाले, नाही.
जहाज अडवलं नाही, तोफ डागली नाही.
बँकेतल्या कुलथेबाईंच्या पडद्यावर एक ओळ लाल झाली.
बाईंनी चष्मा काढला.
"हे आपण कधी कबूल केलं होतं गं?"

इकडे समुद्रावर देठ वाळत होते.
देठ तपकिरी झाला की भाव गेला.
शेवटी दिरहममध्ये बिल केलं,
दुबईतल्या एका खोलीच्या नावानं,
जिथं द्राक्षं कधी पोचलीच नाहीत.

संध्याकाळी अण्णा टाकीच्या नळाशी बसले होते.
मी म्हटलं, बळी तो कान पिळी.
"कानाला आटे नसतात," म्हणाले, "नटाला असतात.
नट बसल्यावरचा पाव फेरा
माणूस ताकद दाखवायला मारतो.
गळती तिथून सुरू होते."
हे कुणी शिकवलं?
"गेन्नादीनं."
मग त्याचाच देश का...
त्यांनी वर पाहिलं नाही.
"शिकवणं वेगळं."

आणि आपण, अण्णा?
आपल्या हाती पाना आला तर?
बराच वेळ नुसता लोखंडाचा आवाज.
मग पाना माझ्या हातात दिला.
थंड, वजनाला जड.
सतरा वाचता आलं मला,
त्याखालची झिजलेली अक्षरं नाही.

"फार नको," म्हणाले.
"हाताला लागेल तेवढंच.
आता नळ सोड.
बघू."