शपथेची ओळ

लिंडक्विस्टबाई प्रश्नपत्रिका वाटतात,
खिडकी वीतभर उघडतात
आणि खरंच निघून जातात,
कोट खुर्चीवर तसाच टाकून.

पहिल्या वेळी आम्ही बावीसजण दाराकडेच बघत बसलो.
माझ्या गावच्या शाळेत मिस्टर पेल्की बाकांमधून फिरायचे,
त्यांचे बूट वाजले की
न केलेली चोरीसुद्धा लपवावीशी वाटायची.

हे इंडियाना. सपाट जमीन, मक्याची कापलेली धाटं,
आणि आभाळ इतकं की
मेनच्या जंगलात वाढलेल्या मला
महिनाभर उघड्यावर पडल्यासारखं झालं.

सकाळी आठला जीवशास्त्र.
पेशी कुणाला आत घेते, कुणाला दारातूनच परत पाठवते.
मी समासात लिहिलं : आणि मी?
पुढच्या आठवड्यात खोडलं. फारच शहाणपणाचं वाटलं.

दहाला नीतिशास्त्र.
कोण कुणाचं काय लागतं,
आणि कोण कुणाचं काय देणं लागतं,
हे दोन प्रश्न आहेत की एकच?
पहिल्या रांगेतल्या प्रेस्कॉटकडे उत्तर तयार होतं.
त्याच्याकडे नेहमीच असतं.

वसतिगृहाच्या सभेत मात्र त्याचं काही चाललं नाही.
इथं मतं मोजत नाहीत. सगळ्यांचं जुळेपर्यंत बसायचं,
अडलं की गप्प बसायचं,
आणि ते गप्प बसणंही कामकाजात धरतात.
विषय : फ्रिजमधून न्केचीचा भात कोण खातं.
कुलूप लावा, कॅमेरा लावा, नावं लिहा.
दोन तास चाळीस मिनिटं.
मग एका लांबलचक शांततेत
तिसऱ्या मजल्यावरचा इग्नेशियस उभा राहिला.
म्हणाला, मी. माझे जेवणाचे पैसे ऑक्टोबरातच संपले.

याच्यासाठी कुणाकडे ठराव नव्हता.
न्केची फक्त म्हणाली, तिखट लागला असेल.
सकाळी फ्रिजचा खालचा कप्पा रिकामा केलेला होता,
त्यावर चिकटपट्टी : भूक लागली तर.
कुणी केलं, विचारलं नाही.
मी त्यात एक उकडलेलं अंडं ठेवलं
आणि दिवसभर मला उगाचच मोठं वाटत राहिलं.
त्याचीही लाज वाटली.

संध्याकाळी भांडी. चार ते आठ, फीच्या बदल्यात.
ओपल तिथं एकोणीस वर्षं आहे.
तिनं माझ्या नोट्सची पानं प्लास्टिकच्या पिशवीत घालून
वाफेच्या वर, नळाला बांधली.
ताटं लावता लावता विचारायची,
'मायटो... हे काय गं, हे काय करतं?'
मी सांगायचे. ती म्हणायची, 'पुन्हा सांग, मला कळलं नाही.'
तिला कळलं नाही की मलाही कळलेलं नसायचं.

तर परीक्षा.
शेवटच्या पानावर छापलेली ओळ,
तिच्याखाली सही करायची :
या परीक्षेत मी कुणाचीही मदत घेतलेली नाही.

पेन थांबलं.
शेजारच्या कागदाकडे मी पाहिलं नव्हतं, देवाशपथ.
पण कुणाचीही?
गिरणी बंद पडल्यावर बापानं स्नोमोबाइल विकली,
लॅपटॉप आणला, आणि म्हणाला,
हल्ली बर्फ तरी कुठं पडतो पूर्वीसारखा.
(त्या वर्षी कमरेएवढा पडला.)
आठवीत मला भिंगाखाली माशीचा पंख दाखवणाऱ्या
मिस ऑलेटचं काय करू?
आणि ती वाफेतली पिशवी?

दारापलीकडे कुणीतरी खोकलं. दहा मिनिटं उरली होती.
मी सही केली.
शेजारी बारीक अक्षरात लिहिलं :
'आजच्या पुरती.'

पेपर मंगळवारी मिळाला. बी वजा.
त्या दोन शब्दांजवळ पेन्सिलची एक टिंब,
म्हणजे वाचताना बाई तिथं थांबल्या असतील,
किंवा पेन्सिल टेकली असेल नुसती.

ओपलनं ओले हात अॅप्रनला पुसले,
कागद दिव्याखाली धरला,
बोट ठेवत ठेवत खाली आली.
'सातवा,' ती म्हणाली,
'आपला सातवा चुकला.'