छेद क्रमांक चार, दिब्बा

गोंद दिवसा धरत नाही.
ऑगस्टात दिब्ब्याला उघड्यावर राहिलेला पान्हासुद्धा
हात भाजतो. म्हणून रात्री अकराला
आम्ही सेल खाली सोडतो,
अंगठ्याएवढा, बारा तारांचा,
एकशे अठरा मीटर, काळ्या-हिरव्या खडकात,
आणि तो चिकटायची सोळा तास वाट बघतो.

वाट बघायचाच पगार आहे, दादकरीम म्हणतो.
तो ग्वादरचा. ड्रिल त्याचं.
मी पाटण तालुक्यातला :
आमच्याकडे भांडी फळीवर मागे रेटून ठेवतात,
का, ते कुणी विचारत नाही.

सैफ बिन राशिद, ज्याच्या खजुरांमधून आमचा ट्रक जातो,
थर्मास घेऊन येतो, बोटभर कॉफी ओततो
आणि पहिल्या घोटालाच विचारतो : कधी?
कधी ते या यंत्राला कळत नाही, बाबा.
ताण किती ते कळतं. कुठल्या अंगानं ते कळतं.
तो दादकरीमकडे बघतो,
भाषांतर करणाऱ्याचीच चूक असावी तसा,
आणि मग शेळ्यांचं काढतो.

पद्धत साधी आहे.
सेलभोवती गोल कापत जायचं,
दगडाचा शेजार तोडायचा.
डोंगरात आहे तोवर तो काही सांगत नाही,
सगळीकडून दाबलेला, तोच त्याचा आकार.
सुटला की फुगतो,
केसाच्या जाडीचा जेमतेम सहावा हिस्सा.
तेवढ्यावरून उलटं गणित मांडायचं :
काय सोसत होता.

आज पंधरा मेगापास्कल, ईशान्येकडून.
वहीत लिहिलं. सही केली.

वहीतच दुमडलेला कॅम्प ऑफिसचा फॉर्म,
हिंदीत, मल्याळममध्ये, उर्दूत :
तनाव. कम, मध्यम, अधिक.
मी ‘कम’वर खूण केली तेव्हा
माझ्यामागे रांगेत नऊ जण होते
आणि पेन एकच.

कोअर आता माझ्या खोलीत आहे, एसीखाली,
मेणात गुंडाळलेला, तारा अजून जोडलेल्या.
डोंगरातून सुटून सहा तास झाले
तरी त्याचं सुटणं संपलेलं नाही.
पडद्यावरची रेघ वर सरकते, इतकी सावकाश
की टक लावून बसलं तर दिसत नाही.
चहा टाकून आलं
की दिसते.