बोथट पेन्सिल

वडिलांनी नकाशावर फुली मारून ठेवली होती.
नाव नाही, तारीख नाही.
इनारीच्या पुढे कुठेतरी, एवढंच.
आणि पेन्सिल बोथट :
फुलीखाली चार तळी सहज मावत होती.

उर्हो गाडी चालवतो, मी नकाशा धरते.
रस्त्याच्या मधोमध एक रेनडिअर
हॉर्नला भीक घालत नाही.

पहिल्या तळ्यावर चहात
साखरेआधी डास पडले.
"हे नसेल," उर्हो म्हणाला.
दुसऱ्याला काठच नव्हता,
तंबूची मेख ठोकायला गेलो तर
लोण्यात सुरी जावी तशी गेली,
परत मिळाली नाही.

तिसऱ्यावर कुणाची तरी होडी उपडी,
तिच्याखाली कोरडी लाकडं आणि चिठ्ठी :
जाळा, पण तेवढीच फोडून ठेवा.
उर्होने जास्तच फोडून ठेवली,
दर घावाआधी तळहातावर थुंकून.
ही सवय त्याला कधी लागली,
मला माहीत नव्हतं.

रात्रीचे अकरा. सूर्य मावळायचं नाव घेत नाही.
सॉसेज एका अंगाने करपलेलं, एका अंगाने कच्चं.
"त्यांना पोहता यायचं का रे?"
तो बराच वेळ निखारे सारत बसला.
"छे. आणि मासेही धरायचे नाहीत.
गळ टाकायचे, आणि गाडीत येऊन
झोपायचे. दारं सताड उघडी.
आईला सांगू नकोस म्हणायचे."

चौथं तळं राहिलंच.
उर्हो पुढच्या सीटवर घोरत होता,
पाय बाहेर, मोजे दोन रंगांचे.
मी नकाशा मिटायला घेतला,
तर घडीत एक डास चिरडलेला,
फुलीपासून बोटभर अंतरावर.
पुसला नाही.