लाभ

हरिपूर रस्त्याला चिंचा संपल्या की
डाव्या हाताला लोखंडी फाटक.
मी आत गेले की आधी नखं बघते.
मग कानामागं, मग टाचा,
मग उशीचा वास.
चेहरा सगळ्यात शेवटी.

नखं कापलेली आहेत.
आण्णांनी चाळीस वर्षं यार्डात हळद तोलली,
पिवळेपणा अजून मुळाशी धरून आहे.

पलंगाच्या पायथ्याला तक्ता लटकतो.
जून : चोपन्न किलो.
जुलै : चोपन्न.
ऑगस्ट : चोपन्न.
मी तोलणाराची मुलगी.
आकडा तीनदा जागचा हलला नाही
तर आण्णा म्हणायचे,
काटा तरी खोटा, नाहीतर माणूस.

ऑफिसातली बाई फाईल पुढं करते.
सकाळी चहा घेतला. दुपारी जेवले. रात्री जेवले.
एकाच पेनानं, एकाच दमात लिहिलेला
अख्खा आठवडा.
सुकुमारला फोन लावते.
तो पुण्याहून पैसे भरतो, एक तारीख कधी चुकवत नाही.
"सांगलीत याहून बरं कुठं मिळणार, अक्का?
पुरानंतर रंगसुद्धा दिलाय त्यांनी."
दिलाय. खरं आहे.
भिंतीवरची पाण्याची रेघ दिसत नाही आता.

मग मी काखेत हात घालून
त्यांना उचलून बसवलं
आणि माझेच हात फसले.
भरलेली घागर समजून
रिकामी उचलावी, तसे.

मालन चादर ओढत होती.
खाली बघूनच म्हणाली,
"काटा दिवाळीपासनं बंद हाय.
आनि रातचं ते जेवतच न्हाईत ओ ताई.
साडेसातला ताट येतंय, दिवं लागल्यालं असत्यात.
दातखीळ बसल्यागत करत्यात.
मी एकली, माणसं अठरा.
किती येळ घास धरून बसू?"

माझं नाव गेलं. आईचं गेलं.
घर नंबर, भाऊबंद, बस्तीची वाट,
सगळं एकेक करून गेलं,
पण दिवस मावळल्यावर अन्नाला शिवायचं नाही
एवढं मात्र
त्यांच्या तोंडात शिल्लक राहिलं.

आणि फॉर्म?
'शाकाहारी' वर बरोबरची खूण माझीच आहे.
त्याखाली 'इतर' म्हणून एक रकाना होता.
बाहेर रिक्षा थांबली होती, मीटर पडत होतं.
तो रकाना मी कोरा सोडला.
आता मी कुणावर ओरडू,
आणि किती आवाजात?

ओरडले. थोडंसं.
मग मिरजेतल्या माझ्या दोन खोल्या आठवल्या,
तिसरा मजला, लिफ्ट नाही,
आणि आवाज आपोआप उतरला.

स्वयंपाकघर वेळ बदलत नाही, म्हणाले.
मालन दुपारचीच भाकरी
मऊ कुस्करून, ताकात भिजवून
झाकून ठेवते. साडेपाचला भरवते.
हे कुठं लिहिलेलं नाही.
रजिस्टरात अजून रात्रीच जेवतात आण्णा.

परवा मी काटा विकत नेला,
साडेआठशेचा, काचेचा.
दोघींनी धरून उभं केलं.
सेहेचाळीस, तीनशे.
आण्णांनी वाकून आकडा पाहिला,
कुणाचं वजन आहे ते विचारलं नाही.
"ओला माल हाय," म्हणाले,
"वाळला की अजून घटंल."

आज ताट माझ्या मांडीवर.
उन्हं अजून गजांवर आहेत.
पहिला घास पुढं केला
तर यार्डातल्या खणखणीत आवाजात
ते म्हणाले, "लाभ."
पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत.
मग दोन.
मग तीन, चार,
मधे ठसका, पाणी, पाच.
पलीकडून कुणीतरी मालनला हाक मारतंय,
बराच वेळ झाला.

नवाला ओठ मिटले.
खिडकीत ऊन आहे की नाही
नीट सांगता येत नाही.
सव्वासहाची बस आहे मला
आणि दहावा घास
अजून हातात.