पडताळणी

गोळीबार चौकातून आत, तिसऱ्या गल्लीत,
आता दोनच माग वाजतात,
तिसऱ्यावर टॉवेल वाळत असतात.
डोमाजी पराते मला खुर्ची देतात,
स्वतः पाटावर बसतात.

"पाह्य नं पोट्टी, दुकान उघडलं का वरतं येते,
सुरक्षित नाही.
माया दुकानाले म्हणते!
पुण्याच्या बाईनं लुगडं निवडलं,
पैसे भरताना पळाली."

कुलूप नाही काका, मी म्हणते.
तुमचं दुकान अन् तिचा मोबाइल,
मधल्या रस्त्यावर कोणीही कान लावून बसू शकतं.
प्रमाणपत्र लागेल.

त्या शब्दाला त्यांच्या हातातलं सूत थांबलं.
"किती घेतीन?"
काहीच नाही.
"फुकट? फुकट तं इथं कोणी झेरॉक्सही देत नाही बाप्पा.
सही कोणाची?"
यंत्राची.
"अन् चकरा?"

काळ्या पडद्यावर मी एक ओळ लिहिली.
कुठल्या मुलखातून कोण जाणे, निरोप आला:
हे घर तुझंच असेल
तर अमुक कोनाड्यात ही चिठ्ठी ठेव,
मी येऊन बघतो.
ठेवली.
कोणी आलं, बघून गेलं.
काकांची कांडी अर्धीही भरली नव्हती.

"बस? आज्याचा दाखला नाही मांगतला?"
नाही.
"शाळेचं रजिस्टर? कोतवाल पंजी?"
नाही काका.
घराची किल्ली तुमच्याच हाती आहे का,
एवढंच विचारलं.

हर्षलाताई चहा घेऊन दारात उभी होती.
तिची बँकेतली नोकरी एका पडताळणीत गेली,
दुसऱ्या पडताळणीची तारीख
अजून लागते आहे.
वाकून तिनं ते इवलं कुलूप पाहिलं.
"नव्वद दिवसांत संपते म्हणे?"
संपतं. पण त्याआधीच, रात्री-बेरात्री,
आपलं आपण नवं मागून घेतं.
"आपलं आपण," ती म्हणाली,
आणि कपातली साय काढत बसली.

मग मला सांगावंच लागलं.
तुम्ही भले आहात असं हे कुलूप म्हणत नाही.
लुगड्याचा रंग पक्का आहे, असंही नाही.
चोर मागेल तर चोरालाही मिळतं, एवढ्याच वेळात.
त्याचं म्हणणं इतकंच,
की समोरचा दरवाजा पाटीवर लिहिलाय तोच आहे
आणि मधे कोणी नाही.

"मधे कोणी नाही," काका म्हणाले. दोनदा.

ताईचंही एक पान निघालं.
करवतकाठ, रुईफूल,
आजीच्या तोंडून ऐकलेली बाकीची नावं,
कुठल्या काठाला किती दोरे, सगळं लिहिलेलं.
"विकायचं नाही काही. येतही नाही कोणी.
त्याले कायले कुलूप?"
लावून टाकू ताई.
"फुकट?"
फुकट.

निघताना काका चौकापर्यंत आले.
मोबाइलवरचं प्रमाणपत्र त्यांना कागदावर हवं होतं.
याचा कागद नसतो, मी म्हटलं.
त्यांनी दहा रुपये काढून ठेवले होते.
छापलं. लॅमिनेशनही केलं.

घरी हिरवी फाईल, नाडीची,
तीन पिढ्यांचे दाखले, सत्यप्रती,
एका तहसीलदाराची शाई उडालेली.
ती सोडून त्यांनी हा कागद सगळ्यांच्या वर ठेवला.
"वरतं राहू दे," म्हणाले,
"याची तारीख लवकर येते."